क्लाइव मैदानावर गेलाय

क्लाइव थॉर्बर्न वारला तो एकदाच, मार्च महिन्यात. पण त्याची बायको मर्ल हिला ती बातमी एप्रिल संपेपर्यंत एकोणीस वेळा नव्याने कळली, आणि प्रत्येक वेळी ती कळवायचं काम तिच्या मुलीकडे, रोझलिनकडे आलं.

रोझलिनला साठ वर्षांत खोटं बोलण्याचा म्हणावा तसा सराव झाला नव्हता. टालगूमा गावच्या शाळेत तिने तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली होती, आणि ग्रंथपालाचं खोटं "हे पुस्तक मुलांना फार आवडतं" याच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे गावातल्या वृद्धनिवासात, खोली क्रमांक बारामध्ये, आईने "क्लाइव कुठंय गं?" असं विचारलं की ती आईचा हात हातात घ्यायची आणि सांगायची, "आई, बाबा गेले." मर्ल रडायची. मग डोळे पुसून विचारायची, "मला कुणी कळवलं कसं नाही? आणि अंत्यविधीनंतरची सँडविच कुणी केली?"

सँडविच शेजारच्या नोरीनने केली होती, हे ऐकून ती पुन्हा रडायची. वीस मिनिटांनी चहा यायचा, आणि चहाबरोबर तोच प्रश्न.

अशा वेळी सुशिक्षित माणूस करतो तेच रोझलिनने केलं. पुस्तकं वाचली. पहिल्या पुस्तकात म्हटलं होतं की स्मृती गेलेल्या माणसाशी कधीही खोटं बोलू नये, त्याचा मान त्यातच आहे. दुसऱ्यात म्हटलं होतं की कधीही खरं बोलू नये, त्याचाही मान त्यातच आहे. तिसऱ्या पुस्तकाच्या लेखिकेने या दोघांनाही निकालात काढून "त्या क्षणी रुग्णाला काय वाटतंय ते विचारा" असा सल्ला दिला होता. रोझलिनने विचारलं. मर्लला त्या क्षणी चहा गार झाल्यासारखं वाटत होतं.

नोरीनने एकही पुस्तक वाचलं नव्हतं, त्यामुळे तिचं मत पक्कं होतं. "अगं, बिनधास्त खोटं सांग," कुंपणावर कोपर टेकून ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंना मी नऊ वर्षं सांगत होते की त्यांची गाय बरी आहे. गाय कसली, तिची तर आम्ही केव्हाच खाटकाकडे रवानगी केली होती. पण म्हातारी सुखाने गेली बघ."

"बाबा म्हणजे गाय नव्हेत, नोरीन."

"मी कुठे म्हटलं तसं? मी आपली पद्धत सांगते."

खोली क्रमांक बाराची जबाबदारी लोसाना नावाच्या फिजीच्या बाईकडे होती. दणकट, हसरी, आणि देवाधर्माची. तिने रोझलिनला एकदा बाजूला घेतलं. "ताई, रागावू नका. माणूस एकदा पुरला की पुरला. तुम्ही त्याला दिवसातून तीनदा पुरताय. हे कुठल्या देवाला आवडेल?"

ती बातमी ऐकतानाचा आईचा विसावा चेहरा आपल्याला पाहायचा नाही, एवढं रोझलिनला त्या दिवशी स्वच्छ कळलं. आणि मे महिन्यातल्या एका मंगळवारी, तोंडात बिस्किटाचा घास असताना, तो प्रश्न आला तेव्हा तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मैदानावर गेलेत."

खोटं म्हणून ते उत्तमच होतं. टालगूमाचं वार्षिक शेतकी प्रदर्शन, म्हणजे गावाचा 'शो', भरायच्या आधीच्या आठवड्यात क्लाइव चाळीस वर्षं मैदानावरच सापडायचा. तंबूचे दोर आवळायचे, खुंट्या ठोकायच्या, आणि दुसऱ्यांनी ठोकलेल्या उपटून परत ठोकायच्या. मर्लचा चेहरा निवळला. "दोर आवळत असेल," ती म्हणाली. "जेवायला यायचा काही त्याचा नेम नाही." आणि तिने चहा संपवला. महिनाभरात पहिल्यांदाच.

त्या दिवशी घरी जाताना रोझलिनने मैदानावरून जाणारा लांबचा रस्ता घेतला. रस्ता बरा आहे, म्हणून. त्यानंतर ती रोज त्याच रस्त्याने जाऊ लागली. मैदानापाशी गाडी आपोआप हळू व्हायची आणि तिची मान आपोआप तंबूंच्या जागेकडे वळायची. जून महिन्यात त्या मैदानावर गवताखेरीज काही नसतं, हे तिला ठाऊक होतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण वृद्धनिवासाला एक व्यवस्थापिका होती, ग्लेनिस, आणि ग्लेनिसपाशी प्रत्येक गोष्टीसाठी एक फॉर्म होता.

"तुम्ही मर्लना एक पर्यायी माहिती देताय, असं कानावर आलं," ग्लेनिस म्हणाली.

"मी खोटं बोलते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तो शब्द आम्ही वापरत नाही." ग्लेनिसने नऊ पानी फॉर्म पुढे केला. "'व्यक्तिकेंद्री पर्यायी माहितीस संमती.' वरच्या कार्यालयाकडून मंजुरी आली की सगळ्या पाळ्यांना तीच माहिती द्यायची. तोवर ज्याने त्याने आपल्या विवेकाने वागावं."

फॉर्ममध्ये सदर माहितीचा कालावधी विचारला होता. ती माहिती रहिवाशाच्या धर्मश्रद्धेला बाधक आहे का, असंही विचारलं होतं. पान सातवर, कशासाठी ते देव जाणे, रहिवाशाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हेही होतं. रोझलिनने सगळं सुवाच्य अक्षरात भरून दिलं. मंजुरीला साडेतीन आठवडे लागले, आणि तोवर ज्याचा त्याचा विवेक मोकाट सुटला.

सकाळच्या पाळीने विवेकाने सांगितलं की क्लाइव मासे धरायला गेलाय. दुपारच्या पाळीने सांगितलं, ट्रॅक्टर बघायला डबो शहरात गेलाय. लेक सांगत होती, मैदानावर. मर्लला सकाळचा नाश्ता दुपारपर्यंत आठवत नसे. पण नवरा तीन बायकांनी तीन ठिकाणी पाठवलाय, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि यातून कुठलीही शहाणी बायको काढील तोच निष्कर्ष तिने काढला.

"बाई ठेवलीय त्याने," ती रोझलिनला म्हणाली. "आणि कोण ते मला माहितेय. बेरिल हॅकेट."

बेरिल हॅकेट कॉरिडॉरच्या टोकाला, सात नंबरच्या खोलीत राहायची. वय अठ्ठ्याऐंशी. उमेदीच्या काळात तिचे फ्रूटकेक जिल्ह्यात गाजलेले, आणि शोची परीक्षक म्हणून मर्लने त्यांना सलग अकरा वर्षं दुसरं बक्षीस दिलेलं. मर्ल वॉकर ढकलत तिथे पोचली आणि लोसाना धावत येईपर्यंत तिने पलंगाखाली वाकून पाहिलंसुद्धा.

"क्लाइव इथे येतो की नाही? खरं सांग!"

बेरिलचीही आठवण एव्हाना झिरपून गेली होती. पण अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आपल्यावर असा आळ येतोय, हे तिला समजलं, आणि ती लाजून गुलाबी झाली. "येतो," ती म्हणाली. "गुरुवारी येतो."

पुढचा आठवडाभर जेवणघरात दोघींची टेबलं लांब ठेवावी लागली. बेरिलने त्या आठवड्यात केस सेट करून घेतले.

शेवटी मंजुरी आली. मर्लच्या कपाटाच्या दाराला आतून प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद लागला : "क्लाइव मैदानावर गेलाय. दोर आवळायला. आवृत्ती एक. बदल करावयाचा असल्यास नवीन फॉर्म भरावा." आता सकाळ, दुपार, रात्र, सगळे एकाच सुरात तेच सांगू लागले. आपल्या तोंडून घाईत निसटलेलं वाक्य सरकारी छापाच्या अक्षरात पाहून रोझलिनला कसंसंच झालं. पण मर्ल शांत झाली. चार दिवस.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, "मैदानावर दोर आवळतोय, म्हणजे शो आलाच की. मला कधी जायचंय परीक्षणाला?"

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नऊ पानांत कुठेही नव्हतं.

मर्ल थॉर्बर्न एकतीस वर्षं फ्रूटकेक विभागाची परीक्षक होती. सुरी, पट्टी आणि नाक एवढ्या सामानावर तिने पंचक्रोशीला धाकात ठेवलं होतं. जाळीवर पालथा घालून गार केलेल्या केकच्या डोक्यावर वळ उमटतात. असे वळ दिसले की मग तो महापौरांच्या बायकोचा केक असो, बाद. लायकीचा केक नसेल तर ती पहिलं बक्षीस कुणालाच देत नसे. एका वर्षी तर तिने तिन्ही बक्षिसं रोखून धरली, आणि दोन बायका त्यानंतर चर्चमध्ये वेगळ्या बाकावर बसू लागल्या. रोझलिनने दहाव्या वर्षी बालगटात एक केक ठेवला होता. त्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी आली : "कडा ओबडधोबड. मधोमध बसलेला. अधिक प्रयत्न करावेत." क्लाइव परीक्षकाचा मदतनीस म्हणून शेजारी वही घेऊन बसायचा, मर्ल सांगायची ते तो लिहायचा. ती चिठ्ठी त्याने लिहिलेली नव्हती. तेवढी एक लिहायला त्याने नकार दिला होता, असं पुढे कळलं. त्यानंतर पन्नास वर्षं रोझलिनने ओव्हनमध्ये चिकनखेरीज काही घातलं नाही.

"शनिवारी," रोझलिन म्हणाली. शनिवारपर्यंत विसरेल, असा तिचा हिशेब होता.

शनिवार तेवढा मर्ल विसरली नाही. बुधवारी तिने टोपी मागितली. गुरुवारी पट्टी मागितली. शुक्रवारी ती लोसानाला म्हणाली, "नखं काप गं माझी. परीक्षकाची नखं लोक बघतात."

"ताई, आता शो भरवावाच लागेल," लोसाना म्हणाली.

ग्लेनिसने परवानगी दिली, पण बाहेरच्या घरात केलेला पदार्थ आत आणता येणार नाही, अशी अट घातली. ज्या स्वयंपाकघराची तपासणी झाली नाही, तिथला केक म्हणजे विषबाधेला निमंत्रण. फक्त दुकानातला, सीलबंद. सुरीलाही हरकत होती. जोखमीचं मूल्यमापन होऊन शेवटी लोणी लावायची सुरी मंजूर झाली.

रोझलिनने सुपरमार्केटमधून तीन फ्रूटकेक आणले, वेष्टनं काढली आणि कागदी बशांत ठेवले. प्रत्येकाला शोची चिठ्ठी हवी, नाहीतर आईला संशय येणार. चिठ्ठीवर नेहमीचा मजकूर होता : "हा पदार्थ मी स्वतःच्या हाताने केला आहे." खाली सही. पहिलीवर ग्लेनिसने केली. नोकरीत ती रोज पन्नास सह्या करायची. दुसरीवर नोरीनने केली, पण कुरकुरत : "माझा खराखुरा केक घरी डब्यात आहे, आणि मी या रबरावर सही करू?" तिसरी लोसानापुढे ठेवली तर तिने हात मागे घेतले.

"नाही ताई. तोंडाने बोलते ते वेगळं. सही नाही करायची. उद्या रविवार आहे, चर्चला जायचंय."

तिसरीवर बेरिलने सही केली. बेरिल आजकाल काहीही कबूल करत असे.

चौथा केक कार्यक्रमात नव्हता. आईच्या परीक्षेला आपण दुकानातले केक मांडतोय, ही गोष्ट रोझलिनला शुक्रवारी दुपारी अचानक सोसेना, आणि आईच्या वहीतली कृती समोर ठेवून ती ओव्हनपाशी उभी राहिली. परिणाम लपवण्यासारखा होता. तिने तो कापडी पिशवीत तळाशी घातला आणि वर स्मृतिभ्रंशावरची तिन्ही पुस्तकं रचून वृद्धनिवासाच्या दारावरच्या वहीत "वाचनसाहित्य" अशी नोंद केली. त्या पुस्तकांचा झालेला हा पहिलाच उपयोग.

शनिवारी सकाळी दहा वाजता जेवणघराच्या भिंतीवर "टालगूमा शो" असा फलक लागला. ग्लेनिसची पाठ वळताच रोझलिनने पिशवीतला चौथा केक रांगेच्या शेवटी ठेवला. मर्ल टोपी घालून आली. पाठ ताठ. टेबलापाशी बसून तिने पट्टी सरळ केली आणि पहिला केक मापला. मग नाकापाशी नेला. मग चारी बाजूंनी फिरवला.

"हा कुणाचा?"

"माझा," ग्लेनिस पुढे होऊन म्हणाली.

"चारही बाजू तंतोतंत सारख्या आहेत. हाताने केलेल्या केकच्या नसतात. तुम्ही केला नाही हा. सही मात्र केलीत." मर्लने चष्म्यावरून पाहिलं. "बाद."

"मर्ल, हा एक सहभागात्मक उपक्रम—"

"आवाज कमी. परीक्षण चालू आहे."

नोरीनचा केक बाद झाला. "पंचेचाळीस वर्षं केक करतेय मी!" नोरीन उसळून म्हणाली. "मग हा का आणलास?" मर्लने विचारलं, आणि नोरीनने आपली बशी मागे ओढून घेतली. बेरिलला विचारावंच लागलं नाही. "दुकानातला आहे," ती आनंदाने म्हणाली. "आणि क्लाइव गुरुवारी येतो."

त्या नावासरशी मर्लने सुरी खाली ठेवली. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिने खुर्चीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "लिहायला कोण आहे? क्लाइव कुठंय?"

"मैदानावर गेलाय," ग्लेनिस, नोरीन आणि लोसाना एका दमात म्हणाल्या. "दोर आवळायला."

मर्लने सावकाश भिंतीवरचा फलक वाचला. मांडलेले केक पाहिले. आपल्या डोक्यावरची टोपी चाचपली. मग थेट लेकीकडे वळून विचारलं, "रोझलिन, मग आपण कुठे आहोत?"

साडेतीन आठवडे मंजुरीला घेतलेल्या त्या खोट्याला, त्यानेच भरवलेल्या शोमध्ये, उभं राहायला जागा उरली नव्हती. "आवृत्ती दोन," ग्लेनिस ओठातल्या ओठात पुटपुटली. आवृत्ती दोन नव्हती.

आई वाट पाहत होती. एकतीस वर्षं जिने साखर जास्त झाली तरी तोंडावर सांगितलं, त्या बाईचे डोळे होते ते. अजून एक खोटं सुचलं असतं. रोझलिनला सुचलंही. ती खुर्चीपाशी गेली, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, बाबा गेले. मार्चमध्ये."

विसावी वेळ. रोझलिनने तो चेहरा पाहायची तयारी केली.

मर्ल रडली नाही. पट्टी वाकडी झाली होती ती तिने टेबलाच्या कडेशी सरळ लावली. बराच वेळ तीच लावत राहिली. "हं," ती म्हणाली. "म्हणून खुर्ची रिकामी आहे." मग तिने हात सोडवून घेतला आणि समोरच्या बाईला नीट न्याहाळलं, एखाद्या नव्या माणसाला न्याहाळावं तसं. "तुम्हाला लिहिता येतं का?"

"येतं," रोझलिन म्हणाली.

"मग बसा. अक्षर नीट काढा. मागचा माणूस फार छान लिहायचा."

रोझलिन क्लाइवच्या खुर्चीत बसली. मर्लने चौथा केक ओढला, कापला, बोटाने दाबला. सांगू लागली. "वरून जळलेला. आतून कच्चा. फळं सगळी तळाला बसलेली. डोक्यावर जाळीचे वळ." रोझलिन खाली मान घालून लिहीत गेली. साठाव्या वर्षीसुद्धा कान तापतात, याची तिने मनाशी नोंद केली. वळ म्हणजे खरं तर बाद. पण मर्लने तुकडा तोंडात घातला, चावला आणि बराच वेळ गिळला नाही.

"हाताने केलाय," ती शेवटी म्हणाली. "लिहा. तिसरं बक्षीस. पहिलं आणि दुसरं रोखून धरलंय."

मंडळी पांगली. नोरीन रागाने, बेरिल तरंगत. रोझलिन वही मिटून उठणार, एवढ्यात मर्लने तिची बाही धरली.

"बाई, एक काम करा माझं. माझी मुलगी येईल आता. रोझलिन. शाळेत असते ती, पुस्तकांचं बघते. तिला क्लाइवचं सांगू नका."

रोझलिनने मिटलेली वही पुन्हा उघडली.

"फार जीव आहे तिचा वडिलांवर. दाखवत नाही ती. पण कोसळेल. विचारलंच तर सांगा, मैदानावर गेलाय."

"पण ते खरं नाही," रोझलिन म्हणाली.

"खरं नाही ते मला कळतं. तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

"मग गप्प बसा."

रोझलिन बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. आग विझवायच्या नळकांड्यापाशी उभी राहून तिने हात कसे धुवावेत याच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचल्या. ग्लेनिस तिथे फॉर्म घेऊन आलीच : "रहिवाशास सत्य सांगितले गेल्याची घटना." शेवटचा रकाना होता, "असे पुन्हा घडू नये म्हणून योजलेले उपाय."

"नंतर," रोझलिन म्हणाली. तिने खुंटीवरचा कोट अंगात घातला, बटणं लावली, आणि जेवणघराचं दार पुन्हा ढकललं.

"आलीस?" मर्ल म्हणाली. "केवढा उशीर."

"आले. आई," रोझलिन म्हणाली, "बाबा कुठे आहेत?"

मर्ल थॉर्बर्नने टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा करायला घेतला. आयुष्यभर न केलेली गोष्ट शहाऐंशीव्या वर्षी करायची म्हणजे अवघडच. तिला ती मुळीच जमली नाही. मान लाल झाली, नजर खिडकीकडे गेली. फॉर्म नव्हता, मंजुरी नव्हती, सही नव्हती.

"मैदानावर गेलाय," ती म्हणाली. "दोर आवळायला."

"असं होय," रोझलिन म्हणाली.

"येईल. तू बस. चहा घे." चुरा बशीत टाकून तिने लेकीकडे पाहिलं, आणि बशी तिच्यापासून लांब सरकवली. "तो केक मात्र खाऊ नकोस. कच्चा आहे."